उरलेली चिठ्ठी

पांढुर्णा,
२० ऑगस्ट १९४७

चि. सौ. सरलेस उर्मिलेचे आशीर्वाद.

पंधरा तारखेला इथे शाळेवर झेंडा लागला. ह्यांनी मुलांना पेढे वाटले, आणि मुलांची आई म्हणून मलाही एक मिळाला. देश स्वतंत्र झाला गं! तुमच्या नाथखाप्यात झाला का? की अजून देवाला विचारायचं बाकी आहे?

रागावू नकोस. परवा हे सातवीच्या मुलांचा धडा घरी वाचून बघत होते. जगात अशीही राज्यं होती आणि आहेत, म्हणे, जिथे राजा देव असतो. रोममध्ये पोप, तिबेटात लामा. मी म्हटलं, एवढ्या लांब कशाला जाता? रामाकोन्याजवळ माझी चुलत बहीण दिली आहे, तिच्या गावचा मालगुजार खुद्द नाथस्वामी. सरकारी कागदावर सगळ्या जमिनीचा मालक म्हणून देवाचं नाव. बांधाचं भांडण असो, पेरणी असो, नाहीतर कोणाचं लग्न असो, देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकायच्या, कुमारिकेनं एक उचलायची, निघेल तो हुकूम. हे हसायला लागले. म्हणाले, "देवाचं राज्य म्हणजे देवाच्या कारभाऱ्याचं राज्य." मी म्हटलं, त्या कारभाऱ्याची बायको माझी बहीण आहे, जपून बोला.

यंदाच्या यात्रेत तुला पाहिलं. चांदीच्या पाटावर बसली होतीस, बाया रांगेनं येऊन पाया पडत होत्या. मीही रांगेत होते. माझा नंबर आला तेव्हा तू उठू लागलीस, पण तुझ्या सासूबाईंनी, अंबाबाईंनी, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तू बसून राहिलीस. थोरली बहीण पाया पडली आणि तू बसून राहिलीस, सरले.

अकरा वर्षं झाली तरी तो दिवस माझ्या डोळ्यापुढून जात नाही. पहिली बायको गेल्यावर केशवमहाराजांसाठी 'मास्तरांच्या घरची एक मुलगी' हवी असा मठातून निरोप आला. बाबुजी मठाच्याच शाळेत मास्तर, नाही कसे म्हणणार! मुली दोन, मी सतराची, तू सोळाची. म्हणून देवानं ठरवावं. मुलीकडच्यानं चिठ्ठ्या लिहायच्या अशी रीत, तेव्हा बाबुजी गुडघ्यावर पाट घेऊन लिहायला बसले. लेखणी दौतीत बुडवून दोनदा थांबले. मला वाटलं, माझी चिठ्ठी निघावी म्हणून देवाचं नाव घेताहेत. निघाली तुझी. परतताना वाटेत बाबुजींनी माझ्या हातावर पेढा ठेवला आणि हसले. त्या हसण्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

तुझं सगळं छान आहे, तसंच राहो. माझ्या दोन खोल्यांत चांदी नाही, पण झेंडा पंधरालाच लागला.

तुझी,
उर्मिला


नाथखापा,
९ सप्टेंबर १९४७

ती. सौ. उर्मीताईस सरलेचा शि. सा. नमस्कार.

झेंड्याचं विचारलंस म्हणून सांगते. चिठ्ठी टाकली होती. पंधराला 'आज नको' निघाली. सोळालाही तीच. सतराला 'लावावा' निघाली. तेव्हा आम्ही तुमच्यापेक्षा दोनच दिवस उशिरा स्वतंत्र झालो. फार नाही.

पाट चांदीचा आहे हे खरं. पाया पडतात हेही खरं. यात्रेतलं मनाला लावून घेऊ नकोस, देवाच्या पाटावर बसलेल्यानं उठायचं नसतं.

काकूच्या वर्षश्राद्धाला यायचं फार मनात होतं. देवाची परवानगी निघाली नाही. तिनंच मला वाढवलं, माझे आई-बाप मला आठवतही नाहीत, तरी निघाली नाही. काकांना सांग.

माझी छाया आता आठ वर्षांची झाली. मठाच्या शाळेत पाढे म्हणते. घरी आली की भिंतीवर कोळशानं अक्षरं काढते आणि सासूबाईंची बोलणी खाते. तुपाचा डबा पाठवला आहे, पोचल्याचं कळव.

तुझी,
सरला


पांढुर्णा,
३ डिसेंबर १९५०

चि. सौ. सरलेस अनेक आशीर्वाद.

संत्र्यांची टोपली पोचली. घेऊन येणारा माणूस दारात हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आईसाहेबांनी धाडल्या जी." शेजारच्या कलाबाई धावत बघायला आल्या. "तुमच्या बहिणीचं तं राज्यच हाये बाप्पा! अन् तुम्ही अशा कशा राहून राहिल्या?" म्हणाल्या. मी संत्री वाटून टाकली. एकही खाल्लं नाही. आंबट असतील असं मनाला समजावलं, पण ती आंबट नव्हती हे वासावरूनच कळत होतं.

खरं सांगते, सरले, मी तुझ्यावर जळते. लोक अशा गोष्टी पत्रात लिहीत नाहीत, मी लिहिते. मी भाजी निवडताना जळते, ह्यांच्या सदऱ्याला ठिगळ लावताना जळते. ते घर माझंही होऊ शकलं असतं. एक बोट इकडचं तिकडे झालं असतं तर आज तू माझ्या पाया पडली असतीस.

आता बातमी. मालगुजारी जाणार असं सरकारनं ठरवलं आहे. मार्चअखेर सगळी गावं सरकारजमा, मालगुजार माणूस असो की देव. हे वर्तमानपत्र मोठ्यानं वाचत होते. मला वाईट वाटलं असं लिहिणार होते, पण वाटलं नाही. आनंद झाला.

बाबुजी आता आमच्याकडेच असतात. नाथखाप्याचं नाव निघालं की ताटावरून उठतात. तुझं पत्र आलं की घराबाहेर जाऊन बसतात. म्हातारपण, दुसरं काय!

उर्मिला


नाथखापा,
१२ जानेवारी १९५१

ती. सौ. उर्मीताईस सरलेचा शि. सा. नमस्कार.

तू खरं लिहिलंस, मला आवडलं. माझ्याशी या गावात कोणी खरं बोलत नाही. पाया पडणारी माणसं बोलत नसतात.

मागायला लिहीत आहे. तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही.

महाराजांचे डोळे अधू झाले आहेत. मामंजी होते तोवर चिठ्ठ्या ते लिहीत; ते गेल्यापासून दोन वर्षं मीच लिहिते. इकडचं तिकडे काही न करता, जे विचारलं ते दोन्ही बाजूंनी नीट लिहिते, लाल नाड्यानं बांधते आणि देवापुढे ठेवते. निघालेली वाचतात. उरलेली चिठ्ठी देवाची. ती न उघडता पेटाऱ्यात जाते, उघडेल तो आंधळा होईल अशी इथली समजूत आहे. महाराजांनी एखादी उघडली असेल म्हणून डोळे गेले, असं गाव कुजबुजतं.

छाया चौथी पास झाली. पुढे शिकायचं म्हणते. सासूबाईंना आपल्या भाच्याशी तिची सोयरीक करायची आहे. भाचा तिशीचा आहे, बिजवर आहे, घरात पहिलीची दोन मुलं आहेत. सोयरीक यंदा, लग्न कायद्याचं वय झालं की. मी नाही म्हटलं. सून नाही म्हणते म्हटल्यावर ते देवाकडे गेलं. पाडव्याला चिठ्ठी आहे.

एका चिठ्ठीवर 'सोयरीक' लिहायचं. दुसरीवर काय लिहू, ताई? तुझ्याकडे जागा असेल तर 'पांढुर्णा' लिहिता येईल. तिथे मुलींची शाळा आहे, भाऊजी मास्तर आहेत. तू हो म्हटल्याशिवाय माझ्याकडे दुसरी चिठ्ठीच नाही.

ती खाते थोडं. दंगा करत नाही. लवकर कळव.

सरला


पांढुर्णा,
२० जानेवारी १९५१

सौ. सरलेस,

पत्र पोचलं. तुझी मागणी वाचून हसू आलं. राज्य चाललं तेव्हा बहीण आठवली होय! मार्चनंतर तिथे चांदीचा पाट राहतो की नाही याची धास्ती, म्हणून आईसाहेबांनी राजकन्येची सोय आधीच लावून ठेवायची. बरी युक्ती आहे.

माझ्या दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं. तुझी लेक जमिनीवर झोपेल? विहिरीचं पाणी ओढेल? कलाबाईंना सांगू काय, रोज येऊन तिच्या पाया पडत जा म्हणून? ज्या देवानं तुला तिथे बसवलं त्यालाच विचार. तुझ्या बाबतीत त्याची निवड चुकली नाही, लेकीच्या बाबतीतही चुकणार नाही.

जमणार नाही.

उर्मिला


नाथखापा,
२५ फेब्रुवारी १९५१

उर्मीताई,

तुझं पत्र मिळून महिना झाला. उत्तर देणार नव्हते. आता द्यावं लागत आहे, कारण सोबत जे पाठवते आहे ते तुझंही आहे.

मालगुजारीसाठी सरकारला कागद हवे आहेत, कोणती जमीन कोणाला कधी दिली त्याचे. आमच्याकडे कागद कुठले! देवाच्या चिठ्ठ्या हेच कागद. म्हणून पेटारा उघडला. आत वाळवी लागली होती. सगळे नाडे खाल्लेले. निघालेल्या चिठ्ठ्या आणि उरलेल्या चिठ्ठ्या एकात एक मिसळलेल्या. कोणती कुठली हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि घरात डोळे माझेच चांगले. मी देवाला नमस्कार केला आणि उघडल्या.

ताई, माझ्या हातच्या सोडल्या तर दर वेळी दोन्ही चिठ्ठ्या सारख्याच होत्या.

आमच्या गावच्या भिवाजीच्या बापाचं शेत गेलं त्या चिठ्ठ्या: दोन्हींवर 'मठाचे'. विहिरीचं पाणी खालच्या आळीला द्यावं की नाही: दोन्हींवर 'नाही'. झेंड्याच्या पहिल्या चार, चारींवर 'आज नको'. महाराजांच्या पहिल्या बायकोची जोडीही सापडली. बाळंतपणात अडली होती, नागपूरची डॉक्टरीण बोलवावी का असं विचारलं होतं. दोन्हींवर मामंजींच्या अक्षरात 'बोलवू नये'. ती कशानं गेली हे मला आज कळलं. काका तेव्हा इथेच मास्तर होते, त्यांना तेव्हाच कळलं असणार.

मग आपली जोडी सापडली. एका चिठ्ठीवर 'सरला'. दुसरीवरही 'सरला'. अक्षर काकांचं. हे अक्षर बघून बघून आपण दोघी लिहायला शिकलो, तेव्हा मी चुकणार नाही. त्यातली एक, उरलेली समज, पाठवली आहे. तूच ओळख.

तर तू ज्यावर जळत होतीस ते हे होतं. तू म्हणतेस ते बोट इकडचं तिकडे झालं असतं तरी काही झालं नसतं. तुला एक बाप होता, ताई. मी पेटाऱ्यापुढे बसून तुझ्यावर जळले, आयुष्यात पहिल्यांदा, आणि इतकी जळले की मला वाटलं डोळे खरंच जातील. दोन खोल्या, विहिरीचं पाणी, ठिगळाचा सदरा. आणि तुझ्या नावाची चिठ्ठी न लिहिणारा बाप.

काकांना दोष द्यायचा तर देता येत नाही. अन्न त्यांचं खाल्लं आहे.

एक गोष्ट सांगते, हसू नकोस. या गावात देवानं कधी खरंच राज्य केलं असेल तर ती फक्त माझी दोन वर्षं. त्या दोन वर्षांतच चिठ्ठ्यांवर दोन वेगवेगळी उत्तरं होती. आता पाडव्याला काय करू? खरं लिहिलं तर छाया एका बोटावर टांगलेली. दोन्हींवर एकच लिहिलं तर मी आणि मामंजी सारखे. आणि लिहायला तर 'सोयरीक' सोडून माझ्याकडे दुसरा शब्दच नाही.

सरला


पांढुर्णा,
३ मार्च १९५१

सरले,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

चिठ्ठी बाबुजींपुढे ठेवली. चष्मा न लावता त्यांनी ओळखली. ती पालथी घालून ठेवली. मग म्हणाले, "पोरी, मले त्या घरचं सगळं माहीत होतं. पहिलीला कसं मारलं ते माहीत होतं. नाही म्हणायची छाती नव्हती, नोकरी त्यांची, घर त्यांचं. तुझं नाव लिहाले घेतलं अन् हात उठेच ना. दोन्हीवर तिचं लिहिलं." मी विचारलं, आणि तिचं लिहायला उठला? तेव्हा ते रडले. "तिच्या बाजूनं लिहाले कोनी नव्हतं ना, बाई. तिचा बाप असता तं त्यानं दोन्हीवर तुझं लिहिलं असतं." त्या दिवसापासून त्यांनी अंथरूण धरलं आहे.

तुझ्यापासून आता काही लपवत नाही. तुझं पत्र वाचलं तेव्हा सगळ्यात आधी मला आनंद झाला. पंधरा वर्षं वाटत होतं की देवानं मला नाकारलं, आणि इथे माझ्या बापानं मला धरून ठेवलं होतं. तो पेढा, ते हसू, सगळं त्याचं होतं. मी पदरात तोंड घालून आनंदानं रडले. मग तू आठवलीस. आधी आनंद आणि मग तू, हा क्रम मी जन्मभर विसरणार नाही. आणि जानेवारीतलं माझं पत्र! ते परत मागता आलं असतं तर पायी चालत येऊन मागितलं असतं.

छायेला पाठव. जागा आहे. नसेल तर मी दारात झोपेन. 'पांढुर्णा' लिही, दोन्हींवर लिही. मामंजींनी जे मारायला केलं ते तू जगवायला करते आहेस, ते सारखं कसं होईल? तेव्हा तुझ्या बाजूनं लिहायला कोणी नव्हतं. हिच्या बाजूनं तिची आई आहे, आणि लेखणी त्या आईच्याच हातात आहे. उरलेली उघडायला कोणी पुढे झालं तर सरळ गिळून टाक.

मीच येणार होते, पण बाबुजींना सोडून हलता येत नाही. पाडव्याला हे रामाकोन्याला स्टेशनवर थांबतील. मठात पाय ठेवायचा नाही असं त्यांनी ठरवलं आहे, आणि ते बरंच आहे, त्यांना तोंड आवरत नाही.

तुझी,
उर्मी


नाथखापा,
गुढीपाडवा, १९५१

ती. सौ. उर्मीताईस सरलेचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र छायेच्याच हाती देत आहे. पत्र मिळालं म्हणजे ती पोचली.

दोन्हींवर 'पांढुर्णा' लिहिलं. सारं गाव जमलं होतं. भिवाजीच्या नातीनं चिठ्ठी उचलली, महाराजांना दिसत नाही म्हणून मीच वाचली. सासूबाईंचा चेहरा उतरला, पण देवाचा हुकूम, बोलणार काय? एवढ्यावर सगळं आटोपलं असतं. उरलेली उचलून मी पेटाऱ्याकडे निघाले. गिळायचीही गरज नव्हती.

आणि पाय निघेना, ताई. भिवाजी समोर हात जोडून उभा होता. माझी लेक सुटली म्हणून त्याला आनंद झाला होता. त्याच्या बापाचं शेत ज्या चिठ्ठीनं नेलं त्याच देवाला तो माझ्यासाठी हात जोडून राहिला होता. मी परत फिरले, नाडा सोडला आणि उरलेली चिठ्ठी सगळ्यांपुढे उघडली. म्हणाले, "हिच्यावरही पांढुर्णाच लिहिलं आहे. मी लिहिलं. देवानं नाही, मी ठरवलं. आणि आजवर या पेटाऱ्यात पडलं ते बहुतेक असंच कोणीतरी ठरवलेलं आहे."

सासूबाई ओरडल्या, "आंधळी होशील!" महाराज एवढंच म्हणाले, "होणार नाही. मीही उघडून पाहिल्या होत्या." मग डोळे मिटून बसले. त्यांना सगळं माहीत होतं तर. इतकी वर्षं त्यांच्याशेजारी पाटावर बसले आणि मला कळलं नाही.

माझे डोळे शाबूत आहेत. हे पत्र मीच लिहीत आहे.

भिवाजीनं त्याच्या बापाची जोडी मागितली. मी दिली. त्याला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवली. मग खालच्या आळीची केसरबाई आली. मग रांग लागली, पाया पडायला नाही, आपापल्या चिठ्ठ्या ऐकायला. कोणी रडतं, कोणी शिव्या देतं, मलाही देतात. तू म्हणशील, तूही ये पांढुर्ण्याला. कशी येऊ? गावात चिठ्ठ्या वाचून दाखवणारी मी एकटी आहे, आणि पेटारा अजून अर्धाही झाला नाही. सरकारी माणसं येतील तेव्हा त्यांनाही मीच वाचून दाखवीन. पाटावर मात्र बसत नाही, खाली बसते.

काकांना सांग, मी रागावलेली नाही. खरं नाही ते, पण सांग.

छायेला केसांना खोबरेल लागतं. गूळ लपवून ठेव. झोपेत बोलते, घाबरू नकोस. जमिनीवर झोपेल, पाणी ओढेल, सगळं करेल. तिला तुझ्या लेकरांसारखं वाढव, आणि तिच्या पाया कोणाला पडू देऊ नकोस.

एकच मागणं राहिलं. मुलं दुसऱ्या घरी राहिली की बोलता बोलता चुकतात. ती कधी चुकून तुला आई म्हणाली तर ते मला लिहू नकोस, ताई. आता जळायची पाळी माझी आहे, आणि मला तुझ्याइतकं खरं लिहिता येत नाही.

तुझी,
सरला